मुंबई इंडियन्सचे तरुण गोलंदाज निवडीचे धोरण

मुंबई इंडियन्सचे तरुण गोलंदाज निवडीचे धोरण म्हणजे इंडियन प्रीमियर लीग (आयपीएल) या स्पर्धेतील मुंबई इंडियन्स संघाने फारसा अनुभव नसलेले भारतीय गोलंदाज हेरून, अल्प मोबदल्यात संघात घेऊन त्यांना घडविण्यासाठी अवलंबिलेली पद्धत होय. २०१३ पासून संघाने केलेल्या निवडींमधून ही पद्धत दिसून येते. जसप्रीत बुमराह हे तिचे सर्वांत यशस्वी उदाहरण मानले जाते. मयंक मार्कंडे, राहुल चहर, आकाश मधवाल, विघ्नेश पुथुर आणि अश्वनी कुमार हे गोलंदाजही याच वाटेने पुढे आले. संघाने २०१३, २०१५, २०१७, २०१९ आणि २०२० अशी पाच वेळा आयपीएलचे विजेतेपद मिळविले आहे.

आयपीएलमध्ये कोणत्याही संघाला आपल्या परिसरातील खेळाडूंवर हक्क नसतो. त्यामुळे मुंबईचे नाव धारण करणाऱ्या या संघात गुजरात, पंजाब वा केरळमधील गोलंदाज सहज येतो. पण मुंबईशी रोजचा संबंध असलेल्या रायगड जिल्ह्यातील पेण किंवा रोह्याच्या गोलंदाजाला जवळिकीचा लाभ मिळत नाही. या धोरणाचा अशा भागांतील खेळाडूंशी येणारा संबंध शेवटच्या विभागांपैकी एकात दिला आहे.

पार्श्वभूमी

आयपीएलमध्ये खेळाडू मुख्यतः लिलावातून घेतले जातात. अमेरिकेतील बेसबॉलमध्ये १९६५ पासून तरुण खेळाडूंची क्रमवार निवड होते. तेथे संघ आळीपाळीने एकेक खेळाडू निवडतात आणि दुबळ्या संघांना आधी निवडीची संधी मिळते. क्रिकेटमधील गोलंदाजाशी तुलना होऊ शकेल अशा बेसबॉलमधील चेंडूफेक्यांची म्हणजे 'पिचर'ची निवड ही त्या पद्धतीतील सर्वांत जोखमीची बाब समजली जाते, कारण वेगाने चेंडू फेकणाऱ्या तरुणाच्या हाताला दुखापत होण्याची शक्यता मोठी असते. भारतातूनही असे चेंडूफेके शोधण्याचा प्रयत्न झाला होता. २००८ मध्ये झालेल्या एका शोधस्पर्धेतून पुढे आलेले उत्तर प्रदेशातील रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोन भालाफेकपटू पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकी संघाने करारबद्ध केले.

आयपीएलनेही पहिल्या वर्षी क्रमवार निवडीचा एक प्रयोग केला. मार्च २००८ मध्ये भारताच्या १९ वर्षांखालील संघाने क्वालालंपूर येथे विश्वचषक जिंकल्यानंतर त्या संघातील खेळाडूंची स्वतंत्र निवड झाली. पहिली संधी मिळालेल्या दिल्ली डेअरडेव्हिल्स संघाने त्या विश्वविजेत्या संघाचा कर्णधार विराट कोहली याला न घेता डावखुरा वेगवान गोलंदाज प्रदीप सांगवान याची निवड केली. वीरेंद्र सेहवाग, गौतम गंभीर यांसारखे फलंदाज संघात असल्याने दिल्लीला गोलंदाजाची गरज अधिक वाटली होती. कोहली बंगळूरच्या संघात गेला आणि पुढे भारताचा कर्णधार झाला. सांगवानला भारताकडून खेळण्याची संधी मिळाली नाही. त्या वेळच्या गरजेनुसार घेतलेला हा निर्णय तर्कशुद्ध होता. तरीही अठरा-एकोणीस वर्षांच्या गोलंदाजाचे भवितव्य आधी सांगणे किती कठीण असते, याचे उदाहरण म्हणून त्याचा नेहमी उल्लेख होतो.

२०१४ पूर्वी भारताकडून न खेळलेल्या देशी खेळाडूंचा लिलाव होत नसे. संघ त्यांच्याशी ठरावीक मोबदल्यात थेट करार करू शकत. याचा अर्थ असा की, एखाद्या संघाच्या माणसाने नवा गोलंदाज पाहिला आणि तो मनात भरला, तर इतरांना सुगावा लागण्याआधी त्याला करारबद्ध करता येई. मुंबई इंडियन्सच्या धोरणाचा पाया याच काळात घातला गेला.

जसप्रीत बुमराह

२०१३ मध्ये मुंबईचे प्रशिक्षक असलेले न्यूझीलंडचे माजी कर्णधार जॉन राइट यांनी सय्यद मुश्ताक अली करंडक स्पर्धेत गुजरातकडून खेळणाऱ्या १९ वर्षांच्या बुमराहला पाहिले. आखूड धाव, ताठ हात आणि अखेरच्या क्षणी मिळणारा वेग अशी त्याची शैली प्रचलित पाठांत बसणारी नव्हती. तोवर तो रणजी करंडकाचा एकही सामना खेळलेला नव्हता. तरीही मुंबईने त्याला संघात घेतले. ४ एप्रिल २०१३ रोजी बंगळूरविरुद्ध पदार्पण करताना त्याने ३२ धावांत ३ बळी घेतले; त्याचा पहिला बळी विराट कोहली होता.

या पदार्पणानंतर लगेच यश मिळाले नाही. २०१३, २०१४ आणि २०१५ या तीन हंगामांत मिळून बुमराह १७ सामने खेळला आणि त्याला केवळ ११ बळी मिळाले. केवळ आकड्यांवरून निर्णय झाला असता, तर त्याला याच काळात संघाबाहेर जावे लागले असते. संघाने मात्र त्याला सोडले नाही. या वर्षांत त्याला लसिथ मलिंगाचा सहवास लाभला. जानेवारी २०१६ मध्ये बुमराहने भारताकडून पदार्पण केले. त्या वर्षीच्या आयपीएलमध्ये त्याने १५, २०१७ मध्ये २० आणि २०२० मध्ये २७ बळी घेतले.

त्याला कायम राखण्याची किंमत मात्र वाढत गेली. २०१८ मध्ये ७ कोटी, २०२२ मध्ये १२ कोटी आणि २०२५ च्या हंगामासाठी १८ कोटी रुपये देऊन मुंबईने त्याला आपल्याकडे ठेवले. एप्रिल २०२५ मध्ये त्याने मलिंगाचा १७० बळींचा विक्रम मागे टाकला आणि तो मुंबईकडून आयपीएलमध्ये सर्वाधिक बळी घेणारा गोलंदाज ठरला.

धोरणाची वैशिष्ट्ये

वेगळ्या शैलीला प्राधान्य: मुंबईने निवडलेल्या अननुभवी गोलंदाजांत फलंदाजांना अपरिचित वाटणारी शैली वारंवार आढळते. खांद्याच्या खालून हात फिरविणारा मलिंगा संघाच्या आरंभीच्या काळापासूनच या विचाराचे प्रतीक होता. बुमराहची आखूड धाव, मार्कंडेचा गुगली आणि पुथुरची डाव्या हाताची मनगटी फिरकी ही पुढील उदाहरणे होत. वीस षटकांच्या सामन्यात एका गोलंदाजाला चारच षटके मिळतात. फलंदाजाला त्याची चाल उमगण्याआधी ती षटके संपतात, त्यामुळे अपरिचितपणाला मोल येते.

अल्प किंमत: २०१८ मध्ये मार्कंडेला २० लाख रुपयांत घेण्यात आले. ७ एप्रिल २०१८ रोजी चेन्नईविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात त्याने ३ बळी टिपले आणि हंगामात १५ बळी मिळविले. २०२५ च्या हंगामासाठी पुथुर व अश्वनी कुमार यांना प्रत्येकी ३० लाखांना घेतले गेले. केरळच्या वरिष्ठ संघातून एकही सामना न खेळलेल्या पुथुरने २३ मार्च २०२५ रोजी चेन्नईविरुद्ध ३२ धावांत ३ बळी घेतले. आठच दिवसांनी वानखेडे मैदानावर अश्वनी कुमारने कोलकात्याविरुद्ध २४ धावांत ४ बळी घेतले. आयपीएल पदार्पणात चार बळी घेणारा तो पहिला भारतीय गोलंदाज ठरला.

हंगामाबाहेरचा सराव: आयपीएलचा हंगाम जेमतेम दोन महिन्यांचा असतो. बेसबॉलमध्ये तरुण खेळाडू मुख्य संघाच्या हाताखालील दुय्यम संघांत काही वर्षे घडतात. आयपीएलमध्ये तशी रचना नाही. ही उणीव मुंबईने अन्य मार्गांनी भरून काढली. नवी मुंबईतील डी. वाय. पाटील टी-२० स्पर्धेत रिलायन्स समूहाच्या संघातून अशा खेळाडूंना खेळविले जाते. २०२२ च्या उन्हाळ्यात तरुण खेळाडूंचा एक चमू सरावासाठी इंग्लंडला नेण्यात आला. २०२३ पासून दक्षिण आफ्रिका, संयुक्त अरब अमिराती आणि अमेरिका येथील स्पर्धांत समूहाचे भगिनी संघ आहेत. आयपीएल पदार्पणापूर्वी पुथुरला त्यांपैकी केप टाउनच्या संघाबरोबर सरावासाठी पाठविण्यात आले होते.

मर्यादा आणि टीका

या धोरणाचे यश संयमावर अवलंबून आहे आणि आयपीएलचे नियम त्या संयमाला मर्यादा घालतात. दर काही वर्षांनी होणाऱ्या मोठ्या लिलावापूर्वी संघाला मोजकेच खेळाडू कायम ठेवता येतात. २०२२ मध्ये ही मर्यादा चार होती. मुंबईने रोहित शर्मा, बुमराह, सूर्यकुमार यादव आणि किरॉन पोलार्ड यांना राखले. २०१९ मध्ये १३ आणि २०२० मध्ये १५ बळी घेऊन दोन विजेतेपदांत वाटा उचललेला लेगस्पिनर राहुल चहर लिलावात पंजाबकडे ५ कोटी २५ लाखांना गेला. एका संघाने घडविलेल्या गोलंदाजाचे फळ दुसऱ्याला मिळण्याची ही रीत धोरणाचा सर्वांत दुबळा भाग आहे.

संयम सर्वांच्या वाट्याला सारखा आला, असेही नाही. पहिल्या हंगामात १५ बळी घेणाऱ्या मार्कंडेला २०१९ मध्ये फारशी संधी मिळाली नाही आणि त्यानंतर अदलाबदलीत त्याला दिल्लीला देण्यात आले. तीन हंगामांत ११ बळी घेणारा बुमराह राहिला आणि एका हंगामात १५ बळी घेणारा मार्कंडे गेला. या तुलनेवरून निवडीत आकड्यांपेक्षा जाणकारांच्या नजरेवर अधिक भर असल्याचे दिसते. ही नजर प्रत्येक वेळी अचूक ठरत नाही. २०२२ आणि २०२४ या दोन्ही हंगामांत मुंबईचा संघ गुणतक्त्यात तळाला, दहाव्या स्थानी होता.

तिसरी मर्यादा शरीराची आहे. वेगवान गोलंदाजाच्या पाठीच्या मणक्यावर आणि पायांच्या हाडांवर पुनःपुन्हा ताण पडतो. विशीच्या आरंभी ही हाडे पूर्ण बळकट झालेली नसतात. बुमराहच्या पाठीवर मार्च २०२३ मध्ये शस्त्रक्रिया झाली आणि तो संपूर्ण हंगामाला मुकला. २०२५ च्या आरंभीचे सामनेही त्याला पाठीच्या दुखण्यामुळे खेळता आले नाहीत. फिरकी गोलंदाज असूनही पुथुरला पायांच्या दुखापतीमुळे २०२५ चा हंगाम अर्ध्यावर सोडावा लागला. महाग, नामांकित गोलंदाज घेतल्याने ही जोखीम टळत नाही. इंग्लंडचा जोफ्रा आर्चर २०२२ च्या लिलावात ८ कोटींना घेतला गेला. दुखापतीमुळे तो त्या वर्षी खेळला नाही आणि २०२३ मध्ये पाच सामने खेळून मायदेशी परतला.

रायगड जिल्ह्याच्या संदर्भात

महाराष्ट्र राज्यात क्रिकेटच्या मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ अशा तीन स्वतंत्र संघटना आहेत. पेण आणि रोहा हे तालुके रेल्वेने व मुंबई–गोवा महामार्गामुळे मुंबईशी जोडलेले असले, तरी क्रिकेटच्या दृष्टीने रायगड जिल्हा पुण्यात मुख्यालय असलेल्या महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या क्षेत्रात येतो. येथील गोलंदाजाचा मार्ग जिल्हा संघ, वयोगटांच्या स्पर्धा आणि गहुंजे येथील मैदान असा जातो. आयपीएलच्या पहिल्या हंगामांत स्थानिक क्षेत्रातील खेळाडू घेण्याचे बंधन संघांवर होते. ते पुढे राहिले नाही. संघटनेने २०२३ मध्ये सुरू केलेल्या महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्ये २०२५ च्या हंगामात 'रायगड रॉयल्स' या नावाचा संघ उतरला. निवडकर्त्यांच्या नजरेस पडण्याचा हा एक नवा मार्ग आहे.

कबड्डीप्रमाणेच टेनिस चेंडूचे क्रिकेट हा या भागातील लोकप्रिय खेळ आहे. भातकापणीनंतर मोकळ्या झालेल्या शेतांत आणि गावांच्या मैदानांवर पावसाळ्यापर्यंत स्पर्धा चालतात. आयपीएलच्या धर्तीवर गावोगावच्या स्पर्धांतही खेळाडूंचे लिलाव होतात. हलक्या चेंडूला वेग देण्यासाठी हात झपाट्याने फिरवावा लागतो आणि धावा रोखण्यासाठी यॉर्कर व संथ चेंडू शिकावेच लागतात. ही कौशल्ये वीस षटकांच्या सामन्यात उपयोगी पडतात. मात्र शिवण असलेल्या चामडी चेंडूवरील पकड, नव्या चेंडूचा स्विंग आणि एका दिवसात पंधरा-वीस षटके टाकण्याची शारीरिक तयारी टेनिस चेंडूतून लाभत नाही. त्यासाठी चामडी चेंडूचा सराव लवकर सुरू होणे आवश्यक असते.

हा पल्ला ओलांडता येतो, याची उदाहरणे मुंबई इंडियन्सच्याच इतिहासात आहेत. मलिंगा श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावरील रथगमा गावात हलक्या चेंडूने खेळत मोठा झाला. सतराव्या वर्षाच्या सुमारास प्रशिक्षक चंपक रमनायके यांनी त्याला हेरले. उत्तराखंडचा आकाश मधवाल विशीच्या मध्यापर्यंत मुख्यतः टेनिस चेंडूनेच खेळत होता. २०२२ मध्ये बदली खेळाडू म्हणून तो मुंबई संघात आला आणि २४ मे २०२३ रोजी लखनौविरुद्धच्या बाद सामन्यात त्याने केवळ ५ धावांत ५ बळी घेतले. मार्च २०२४ मध्ये ठाणे येथे टेनिस चेंडूची इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीग सुरू झाल्याने अशा गोलंदाजांसाठी आणखी एक व्यासपीठ निर्माण झाले.

मूल्यमापन

स्वस्तात घेतलेले बहुतेक गोलंदाज दीर्घकाळ टिकत नाहीत; पण त्यांतील एखादा जरी बुमराहच्या तोडीचा निघाला, तरी पूर्वीचा सर्व खर्च भरून निघतो, या हिशेबावर हे धोरण उभे आहे. संघाच्या दृष्टीने हा हिशेब फायद्याचा ठरला आहे. खेळाडूच्या दृष्टीने पाहता, निवड होणे ही केवळ पहिली पायरी असते. पदार्पणातील यशापेक्षा त्यानंतरच्या दोन-तीन अपयशी हंगामांत संघ पाठीशी उभा राहतो की नाही, यावर त्याची पुढील वाटचाल अधिक अवलंबून असल्याचे वरील उदाहरणांवरून दिसते.

हे सुद्धा पहा

इंडियन प्रीमियर लीग
जसप्रीत बुमराह
लसिथ मलिंगा
महाराष्ट्र क्रिकेट संघटना
रायगड जिल्हा