७ जुलै १८९६ : वॉटसन हॉटेलात पडद्यावर आगगाडी धावली

मुंबईत काळा घोडा परिसरातल्या वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी भारतातला चित्रपटाचा पहिला खेळ झाला. ल्युमिए बंधूंच्या सहा छोट्या फिती, तिकीट एक रुपया. त्यातून प्रेरणा घेतलेल्या हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादांनी १८९९मध्ये हँगिंग गार्डनमधली कुस्ती चित्रित केली.

वॉटसन हॉटेलची १८६०च्या दशकातली इमारत ओतीव लोखंडी सांगाड्याची. सुटे भाग इंग्लंडमध्ये घडवून जहाजाने आणलेले. हॉटेल बंद पडले आणि एस्प्लनेड मॅन्शन नावाने तिथे वकिलांची कार्यालये, दुकाने आली. डागडुजीअभावी इमारत खंगत गेली, हे फार वाईट झाले. मुंबईस गेलात तर तिच्यासमोर क्षणभर जरूर थांबा.