तबकडीवरचा स्वर आणि त्याचे जतन

इ. स. १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यास गौहर जान यांचे गायन तबकडीवर उतरले आणि आपल्या रागसंगीताला तीनेक मिनिटांची वेस पडली. त्या वेशीच्या आत काय साधता येते, हे अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ध्वनिमुद्रिका सांगतात. बडोद्याचा दरबार सोडून पुढे मिरजेस स्थिरावलेले खाँसाहेब १९३७ साली निवर्तले; त्यांचा स्वर आपल्या कानी येतो तो या लाखेच्या तबकड्यांमुळेच.

पण लाख ठिसूळ, आणि पोलादी सुईने दर वेळी खोबण झिजते. (काही हौशी मंडळी तबकडी स्पिरिटने पुसतात, स्पिरिटात लाख विरघळते हे त्यांना कोणी सांगावे?) म्हणून हा ध्वनी अंकीय रूपात उतरवून ठेवणे अगत्याचे झाले. मात्र सर्व अंकीय प्रती सारख्या नसतात. एमपी३ पद्धतीत, कानाला जाणवणार नाही असे मानून, ध्वनीचा काही अंश कायमचा टाकला जातो. २००१ साली आलेल्या फ्लॅक पद्धतीत आकड्यांची जणू घडी घातली जाते. घडी उलगडली की आकडा न् आकडा परत मिळतो. शिवाय पडताळणीचा एक अंक फाइलमध्येच असतो, त्यामुळे पुढे प्रत बिघडल्यास ते उमगते.

तरीही यंत्रापेक्षा विवेकाचे काम मोठे. जुन्या तबकड्यांचा वेग अठ्ठ्याहत्तरचा म्हणतात खरा, पण मुद्रण नेमके त्याच वेगाने झाले असेल असे नाही. मिनिटाला ७६ फेऱ्यांनी मुद्रित झालेली तबकडी ८० फेऱ्यांनी वाजवली, तर काळी एकचा षड्ज जवळजवळ पांढरी दोनवर जातो आणि लयही चढते. अमुक गायक कोणत्या पट्टीत गात, यावर हिरिरीने वाद घालणाऱ्यांनी आधी हे पाहावे. खरखर काढण्याचा उत्साहही असाच घातक; तिच्याबरोबर तंबोऱ्याची आस आणि सारंगीचे बारकावे पुसले जातात. पोथीचा साक्षेपी संपादक पाठभेद खोडत नाही, तळटीपेत देतो. त्याच न्यायाने मूळ प्रत खरखरीसह, सेकंदाला ९६ हजार नमुने व २४ बिट या मापाने ठेवावी. स्वच्छ केलेली प्रत निराळी असावी.

राहता राहिली नोंद, आणि ते तर ग्रंथपालाचेच काम. कंपनीचे नाव, तबकडीचा क्रमांक, खोबणीच्या आतल्या कडेशी उमटलेली साच्याची अक्षरे, वाजवताना राखलेला वेग हे सारे प्रतीसोबत लिहिलेले हवे. त्यावाचून एकाच गायकाने एकाच चिजेची दोनदा केलेली मुद्रणे वेगळी ओळखणे फार कठीण होते.