वीज खंडतां स्मृतीचें रक्षण

मुळशी तालुक्याच्या पश्चिमेस मुळेचें पाणी अडवून केलेला विस्तीर्ण जलाशय १९२७ पासून घाटाखालील भिरा येथील वीजघर चालवीत आला आहे. त्याखालीं ज्यांचीं गांवें जाणार होतीं, त्या शेतकऱ्यांनीं १९२१ मध्यें सत्याग्रह आरंभिला व सेनापति बापटांनीं त्याचें नेतृत्व केलें. वीज मात्र मुंबईस गेली. त्याच तालुक्याच्या पूर्व टोकास हिंजवडी येथें आज संगणकांचा उद्योग वसला आहे. त्यास चिंता आहे ती निराळ्या संचयाची: वीज अकस्मात् गेली, तर यंत्रानें लिहून घेतलेलें टिकेल काय?

प्रारंभीं ही चिंता इतकी तीव्र नव्हती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० मध्यें सिद्ध झालेल्या ‘टिफ्रॅक’ संगणकाच्या स्मृतींत फेराइटच्या बारीक कड्या तारांत ओंविलेल्या होत्या. तीत २०४८ शब्द मावत. आणि कडीचें चुंबकत्व वीज गेल्यावरही राही. १९७० नंतर सिलिकॉनची स्मृति आली. ती स्वस्त व चपळ खरी, परंतु मोठी विसरभोळी. सेकंदांत अनेकदां उजळणी न केल्यास तिच्यांतील सर्व पुसलें जातें.

पेढीचा हिशेब सांठविणारें यंत्र मजकूर प्रथम याच स्मृतींत घेतें, ‘लिहिलें’ असें वचन देतें, आणि मग सावकाश डिस्कवर उतरवितें. मध्येंच वीज गेली, तर एका खात्यांतून निघालेले पैसे दुसऱ्यांत पोंचलेच नाहींत, असें होऊं शकतें. म्हणून यंत्राच्या पोटांत लहानशी बॅटरी आली. ती स्मृतीस साधारणतः ७२ तास जागती ठेवी. शनिवार-रविवार निभे, जोडून आणखी दोन सुट्या आल्या, कीं कठीण! शिवाय उष्णतेनें बॅटरी लवकर म्हातारी होते. ती क्षीण होतांच यंत्र सावध होऊन प्रत्येक अक्षर डिस्कवर उतरल्यावांचून वचन देत नाहीं, आणि काम मंदावतें.

मोठ्या यंत्रांत म्हणून बॅटरीचें काम पालटलें: स्मृतींतील मजकूर डिस्कवर उतरेपर्यंत यंत्र चालू ठेवावयाचें. लहान यंत्रांत कपॅसिटर आला. तो अल्प काळच वीज पुरवितो. तेवढ्यांत सर्व मजकूर फ्लॅश स्मृतींत जातो, आणि तिला पुढें विजेची गरजच नसते. दिवस मोजण्यापेक्षां ही युक्ति निःसंशय सरस होय.

१२ ऑक्टोबर २०२० रोजीं मुंबईची वीज गेली. ती परत आणण्याकरितां टाटांचीं जलविद्युत्केंद्रेंही कामास लावण्यांत आलीं. शहराच्या कांहीं भागांत अंधार कित्येक तास राहिला. कपॅसिटरवाल्या यंत्राचें काम पहिल्या कांहीं मिनिटांतच आटोपणारें होतें.