न दिसणे आणि नसणे

एखादी वस्तू आपल्याला दिसली नाही, तर ती तिथे नाही असे म्हणता येते का? टेबलावर खडू दिसत नसेल तर 'खडू नाही' असे आपण बेलाशक सांगतो. पण पाण्याच्या थेंबात जंतू दिसत नाहीत म्हणून ते नाहीतच, असे मात्र आपण म्हणत नाही. या दोन उत्तरांत फरक नेमका कशामुळे पडतो? हा प्रश्न सूक्ष्मदर्शकाच्या शोधानंतरचा आहे असे वाटण्याचा संभव आहे. वास्तविक तो फार जुना आहे. भारतातील बौद्ध आणि चीनमधील ताओवादी विचारवंतांनी, एकमेकांपासून फार दूर राहून, त्याचा बारकाईने विचार केला होता.

हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट आपण प्राथमिक शाळेतच सांगतो. तिची एक जुनी आवृत्ती 'उदान' या पाली ग्रंथात आहे. श्रावस्तीत निरनिराळ्या पंथांचे लोक जग शाश्वत आहे की अशाश्वत, अशा प्रश्नांवरून भांडत होते. ते कानावर आल्यावर बुद्धांनी ही गोष्ट सांगितली. पूर्वी एका राजाने नगरातील सर्व जन्मांधांना बोलावून त्यांना हत्ती 'दाखवला', पण प्रत्येक गटाला एकच अवयव. डोके चाचपणाऱ्यांना हत्ती घड्यासारखा वाटला, कान चाचपणाऱ्यांना सुपासारखा. सुळा नांगराच्या फाळासारखा, सोंड इसाडासारखी, धड कोठारासारखे, पाय खांबासारखा, पाठ उखळासारखी, शेपटी मुसळासारखी आणि शेपटीचा गोंडा केरसुणीसारखा लागला. मग 'हत्ती असा असतो, तसा नसतो' म्हणत ते गुद्द्यांवर आले.

या गोष्टीतले एकही निरीक्षण खोटे नाही. सुळा खरोखरच फाळासारखा लागतो. चूक होते ती पुढच्या पायरीवर, हाताला लागलेल्या भागावरून 'हत्ती असाच' असा निष्कर्ष काढताना. अवयवांना दिलेल्या उपमाही पाहा. ज्याने त्याने घरातली किंवा शेतातली ओळखीची वस्तूच हत्तीत शोधली आहे. मात्र या गोष्टीत एक सोय आहे. राजा डोळस आहे आणि त्याला पुरा हत्ती दिसतो. निसर्गाचा अभ्यास करताना आपल्याला असा राजा भेटत नाही.

चीनमध्ये इ. स. पूर्व चौथ्या शतकात होऊन गेलेल्या चुआंगत्सूने या राजाला जागाच ठेवली नाही. त्याच्या नावाने ओळखला जाणारा ग्रंथ सगळा त्याने एकट्याने लिहिलेला नाही. काही प्रकरणे नंतरच्या अनुयायांची असावीत असे अभ्यासक मानतात. ग्रंथाच्या दुसऱ्या प्रकरणात एक साधा प्रश्न आहे. माणूस ओलीत झोपला तर त्याची कंबर धरते, पण चिखलातल्या माशाला काही होत नाही. माणूस झाडाच्या शेंड्यावर भीतीने कापतो, पण माकड कापत नाही. मग राहण्याची योग्य जागा कोणती, हे या तिघांपैकी कोणाला ठाऊक आहे?

'शरदातला पूर' या प्रकरणात हाच विचार पुढे नेला आहे. पीत नदी पुराने फुगते आणि नदीच्या देवाला वाटते की सारे वैभव आपल्याच पात्रात आहे. वाहत वाहत तो समुद्राशी येतो, तेव्हा त्याला पैलतीरच दिसत नाही. समुद्राचा देव त्याला तीन उदाहरणे देतो. विहिरीतल्या बेडकाला समुद्र समजावता येत नाही, कारण तो जागेने बांधलेला आहे. उन्हाळ्यातल्या किड्याला बर्फ समजावता येत नाही, कारण तो काळाने बांधलेला आहे. आणि एकाच बाजूने शिकलेल्या विद्वानाला ताओ समजावता येत नाही, कारण तो आपल्या शिकवणुकीने बांधलेला आहे. 'कूपमंडूक' आपल्याही ओळखीचा आहे. पण बेडकाच्या पंगतीला विद्वानाला बसवावे, हे विशेष.

यानंतर सुमारे हजार वर्षांनी, सहाव्या-सातव्या शतकात, भारतात धर्मकीर्ती हा बौद्ध तर्कशास्त्रज्ञ झाला. त्याने खडूच्या प्रश्नाचे नेमके उत्तर दिले. त्याच्या लिखाणात खडूऐवजी घडा आहे. जमिनीवर घडा दिसत नाही, एवढ्यावरून घडा नाही असे ठरते. पण त्याला अट आहे: घडा तिथे असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती असली पाहिजे. उजेड हवा, डोळे धड हवेत आणि वस्तू दिसण्याजोगी हवी. जे देशाने, काळाने किंवा स्वभावाने आपल्यापासून दूर आहे, ते न दिसण्यावरून काहीच सिद्ध होत नाही. फक्त संशय राहतो. देश आणि काळ म्हणजे चुआंगत्सूचा बेडूक आणि किडाच. तिसरी मर्यादा मात्र दोघांची वेगळी आहे. धर्मकीर्ती वस्तूच्या स्वभावाकडे बोट दाखवतो, तर चुआंगत्सू पाहणाऱ्याच्या शिक्षणाकडे.

विज्ञानाच्या इतिहासात या दोन्ही मर्यादा एकाच ठिकाणी दिसतात, त्या वटवाघळाच्या कोड्यात. १७९३ मध्ये इटालियन शास्त्रज्ञ स्पालान्झानी याला आढळले की गडद अंधारात घुबडसुद्धा धडपडते, पण वटवाघूळ बिनचूक उडते. त्याचे डोळे निकामी केले तरीही. जिनिव्हाच्या ज्युरिनने १७९४ मध्ये वटवाघळांचे कान बंद केले, तेव्हा ती अडथळ्यांवर आपटू लागली. स्पालान्झानीने स्वतः प्रयोग करून याची खात्री करून घेतली. म्हणजे वटवाघूळ कानांनी वाट काढते. पण ते ऐकते काय? माणसाला तर काहीच ऐकू येत नव्हते. तेव्हाचा मोठा प्राणिशास्त्रज्ञ क्युव्हिए याने हे काम स्पर्शाचे आहे असे सांगितले, आणि शंभरांहून अधिक वर्षे विद्वानांनी बहुतांशी तेच मानले. पुरावा समोर होता. तो शिकवणुकीत बसत नव्हता.

१९३८ मध्ये अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठातील ग्रिफिन या विद्यार्थ्याने आपली वटवाघळे पिअर्स या भौतिकीतज्ज्ञाच्या उपकरणापुढे नेली. हे उपकरण माणसाला ऐकू न येणारे आवाज टिपत असे. वटवाघळे सतत आवाज करत होती! माणसाचा कान सुमारे २० ते २०,००० हर्ट्झ इतकेच ऐकतो, आणि अनेक कीटकभक्षक वटवाघळांचे आवाज त्याच्या वरचे असतात. पुढे ग्रिफिन आणि गॅलॅम्बोस यांनी दाखवून दिले की या आवाजाच्या प्रतिध्वनीवरून ती अडथळे ओळखतात. 'ऐकू येत नाही, म्हणून आवाज नाही' हे अनुमान धर्मकीर्तीच्या अटीत बसणारे नव्हते.

यावरून 'आपल्या पूर्वजांना श्राव्यातीत ध्वनी ठाऊक होता' असे कोणी म्हणू नये. पूर्वेच्या अध्यात्मात आधुनिक भौतिकी शोधण्याची हौस, विशेषतः फ्रिट्यॉफ काप्रा यांचे 'द ताओ ऑफ फिजिक्स' हे पुस्तक १९७५ मध्ये निघाल्यापासून, बरीच वाढली. धर्मकीर्तीला वटवाघळाचे कोडे सुटले नव्हते आणि चुआंगत्सूकडे उपकरणे नव्हती. त्यांनी दाखवली ती मर्यादा. ती ओलांडण्याचा मार्ग कान बंद करून पाहणाऱ्या प्रयोगाने आणि पिअर्सच्या उपकरणाने दिला.

दुसरा धोका याहून मोठा आहे. 'सर, भुतेही दिसत नाहीत. मग ती नाहीत हे कशावरून?' हा प्रश्न वर्गात कधी ना कधी येतोच. गंमत म्हणजे धर्मकीर्तीच्या परंपरेत न दिसणाऱ्या वस्तूचे ठरलेले उदाहरण पिशाच हेच आहे! त्याचे उत्तर आजही उपयोगी पडते. न दिसण्यावरून 'नाही' ठरत नाही, हे खरे; पण म्हणून 'आहे' हेही ठरत नाही. 'आहे' म्हणणाऱ्याने त्याचे कार्य दाखवावे, म्हणजे ज्यावरून अनुमान करता येईल अशी खूण दाखवावी. वटवाघळाच्या न ऐकू येणाऱ्या आवाजाने ती दाखवली: कान बंद केले की प्राणी आपटतो, उघडले की नीट उडतो, आणि कोणीही करून पाहिले तरी तसेच घडते. भुताच्या बाजूने अशी एक तरी चाचणी मुलांना सुचवायला सांगावी. ती सुचवताना त्यांना बरेच काही कळेल.

हत्तीची गोष्ट सांगून झाल्यावर 'आंधळे चुकले' असे म्हणून पाठ संपवू नये. त्यांनी पुढे काय करायला हवे होते, हे मुलांना विचारावे. जागा बदलावी, एकमेकांचे ऐकावे, सुळ्यापासून कानापर्यंत हात सरकवत न्यावा, अशी उत्तरे मुले देतात. राजाची गरज त्यांना क्वचितच वाटते.