रिकामी समजलेली बंदूक

‘बंदूक साफ करताना गोळी सुटून एकाचा मृत्यू.’ अशी बातमी आपण सर्वांनीच कधी ना कधी वाचलेली असते. कवितेचा नाद असल्यामुळे माझे लक्ष अशा बातमीतल्या क्रियापदाकडे जाते. ‘सुटली.’ मराठीत बाण सुटतो, गाडी सुटते, वारा सुटतो, तशीच गोळीही सुटते. ‘सोडली’ म्हटले की कोणी सोडली, असे विचारावे लागते. ‘सुटली’ म्हटले की कोणालाच काही विचारावे लागत नाही. बंदुकीचा इतिहास मात्र या क्रियापदाला साक्ष देत नाही. आपोआप सुटणारी गोळी विरळा. बहुतेक वेळा हातातली बंदूक रिकामी आहे, असे कोणीतरी गृहीत धरलेले असते. म्हणून आज बंदूक भरण्याची नव्हे, ती रिकामी करण्याची गोष्ट सांगायची आहे.

बंदूक भरण्याची गोष्ट आपल्याला शाळेपासून पाठ आहे. एन्फील्ड रायफल, दातांनी तोडायचे काडतूस, त्याला लावलेल्या चरबीची वदंता आणि १८५७चा भडका. पण एकदा भरलेली ती बंदूक, बार न उडवता, पुन्हा रिकामी कशी करायची, हा प्रश्न पाठ्यपुस्तकात येत नाही. त्या काळी त्याचे उत्तरही सोपे नव्हते.

ती ठासणीची बंदूक. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, तिच्यावर गोळी सारायची आणि गजाने ठासायची. हा बार काढायचा झाला तर गजाच्या टोकाला पेच बसवून तो शिशाच्या गोळीत फिरवायचा आणि बुचासारखी ती गोळी ओढून काढायची. हे करताना खाली दारू, मध्ये गोळी आणि वर नळीच्या तोंडाशी माणसाचा हात! त्यापेक्षा मोकळ्या जागी बार उडवून टाकणे बरे वाटे. म्हणजे बंदूक रिकामी करण्याचा सर्वांत सोपा उपाय ती झाडणे हाच होता.

ती भरलेली आहे की रिकामी, हे कळायचे कसे? त्याची एक सुंदर रीत होती. गज नळीत सोडायचा. नळी रिकामी असेल तर पोलादावर पोलाद आपटून खणखणीत नाद येई. आत बार असेल तर गज वरच अडे आणि आवाज बद्द येई. जी गोष्ट डोळ्यांना दिसत नव्हती ती कानांनी पारखली जाई.

लढाईच्या गदारोळात मात्र कान काय करणार? अमेरिकेतल्या यादवी युद्धात १८६३च्या जुलैमध्ये गेटिसबर्गची तीन दिवसांची लढाई झाली. नंतर रणांगणावरून सत्तावीस हजारांहून अधिक बंदुका गोळा करण्यात आल्या. त्यांतल्या सुमारे २४ हजार भरलेल्याच होत्या. त्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत एकावर एक असे दोन बार ठासलेले होते, हजारोंमध्ये तीन ते दहा, आणि एका बंदुकीत तर तब्बल २३! काहींनी गोळी झाडलीच नसेल. काहींचा बार फुसका गेला असेल आणि शेजारच्या धडधडाटात त्यांना ते कळलेही नसेल. कारण काहीही असो, स्वतःच्या हातातल्या बंदुकीच्या पोटात काय आहे, हे माणसाला नक्की ठाऊक असतेच असे नाही, हे त्या ढिगाने दाखवून दिले.

पुढच्याच वर्षी, १८६४च्या सप्टेंबरमध्ये, इंग्लंडमध्ये एक घटना घडली. कॅप्टन जॉन हॅनिंग स्पीक हे नाव भूगोलाच्या अभ्यासकांना परिचित आहे. हिंदुस्थानात बंगालच्या फौजेत नोकरी केलेला हा अधिकारी पुढे आफ्रिकेत गेला. १८५८मध्ये तो व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत पोहोचला आणि नाईल नदीचा उगम हाच, असे त्याने जाहीर केले. या मोहिमेतला त्याचा सोबती रिचर्ड बर्टन हा आपल्या मुंबईच्या फौजेतला. अनेक भाषा जाणणारा, त्यांत मराठीही. उगमावरून दोघांचे बिनसले. १६ सप्टेंबर १८६४ रोजी बाथ शहरात विद्वानांच्या सभेपुढे दोघांनी समोरासमोर वाद घालावा, असे ठरले.

आदल्या दिवशी दुपारी स्पीक नातेवाइकाच्या रानात पाखरांच्या शिकारीला गेला. वाटेत दगडांचा एक बुटका बांध आला. भरलेली दुनळी हातात तशीच धरून तो बांधावर चढला. बार उडाला, छर्रे त्याच्या छातीत घुसले आणि काही मिनिटांतच सारे संपले. त्याच्या बंदुकीला अपघाती बार रोखणारी कडी नव्हती. चौकशीत अपघाती मृत्यू असा निर्णय झाला. त्याने जीव दिला असावा, अशी कुजबुज पुढे बराच काळ चालू राहिली. पण एवढे निश्चित की त्या बांधापाशी क्षणभर थांबून बंदूक रिकामी केली असती, तर दुसऱ्या दिवशी नाईलचा वाद झाला असता. कुंपण, बांध किंवा ओढा ओलांडण्याआधी बंदूक रिकामी करा, हा शिकाऱ्यांच्या शिस्तीतला आजही पहिल्या ओळीतला नियम आहे.

याच सुमारास बंदुकीचे रूप पालटत होते. १८६६पासून ब्रिटिशांनी जुन्या एन्फील्ड बंदुकांचे मागून भरायच्या स्नायडर बंदुकांत रूपांतर सुरू केले. १८७१मध्ये मार्टिनी-हेन्री आली. आता नळीचे मागचे दार उघडता येऊ लागले. काडतूस आहे की नाही, ते डोळ्यांनी दिसू लागले आणि हातांनी काढता येऊ लागले. बंदूक न झाडता रिकामी करणे पहिल्यांदाच सोपे झाले.

पण एक गाठ सुटली तशी दुसरी बसली. १८८८मध्ये ब्रिटिश सैन्यात ली-मेटफर्ड आणि १८९५मध्ये ली-एन्फील्ड ही रायफल आली. ही दुसरी म्हणजे आपल्या ओळखीची ‘थ्री-नॉट-थ्री’. बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात ती तयार होत असे आणि स्वातंत्र्यानंतरही कित्येक दशके ती आपल्या पोलिसांच्या खांद्यावर होती. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर २०२०च्या प्रजासत्ताकदिनी तिला निरोप दिला. या रायफलीच्या मॅगझीनमध्ये दहा काडतुसे मावत. बोल्ट मागे ओढला की नळीतले काडतूस बाहेर पडते. तो पुढे ढकलला की मॅगझीनमधले पुढचे काडतूस आपसूक नळीत जाऊन बसते.

इथेच सापळा आहे. माणूस बोल्ट ओढतो, एक काडतूस टप्पकन खाली पडलेले पाहतो आणि निर्धास्त होतो. मग बोल्ट पुढे करतो. त्याच्या मते बंदूक रिकामी झाली. प्रत्यक्षात त्याने ती नुकतीच भरलेली असते! पुढे ताणलेली स्प्रिंग ढिली करण्यासाठी तो चाप दाबतो, आणि दुसऱ्या दिवशीच्या बातमीत ‘गोळी सुटते’.

म्हणून सुटे मॅगझीन असलेल्या रायफलीत क्रम महत्त्वाचा. नळीचे तोंड जिथे कोणी नाही अशा दिशेला. बोट चापाबाहेर. आधी मॅगझीन काढायचे. त्यानंतर बोल्ट ओढून नळीतले काडतूस बाहेर काढायचे. मग बोल्ट उघडा ठेवून नळीची मागची खोबण डोळ्यांनी पाहायची, अंधार असेल तर बोटाने चाचपायची. एवढे झाल्यावरही स्प्रिंग ढिली करायची ती सुरक्षित दिशेलाच. मॅगझीन आणि बोल्ट यांची अदलाबदल झाली की सगळेच उलटे होते. अनेक लष्करी ठाण्यांच्या दाराशी वाळूने भरलेले पिंप असते. पहाऱ्यावरून परतलेला जवान त्यात नळी रोखून रायफल रिकामी करतो. चूक झालीच तर गोळी वाळूत जावी, एवढाच हेतू. माणूस चुकणार, हे मान्य करून केलेली ही सोय मला फार शहाणपणाची वाटते.

ब्रिटिश सैन्याने शब्दही बदलला. नकळत उडालेल्या बाराला तिथे अपघात म्हणत नाहीत, निष्काळजीपणा म्हणतात, आणि त्याबद्दल शिक्षा होते. कोणी जखमी झाले नाही, तरी होते. आपल्याकडेही कायदा त्याच दिशेने गेला आहे. २०१६च्या शस्त्र नियमांनी परवाना मागणाऱ्याला सुरक्षित हाताळणीचे प्रशिक्षण आवश्यक केले. २०१९च्या दुरुस्तीने बेदरकारपणे किंवा लग्नवरातीत आनंदाच्या भरात गोळी झाडून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. वरातीतल्या गोळीने कोणी दगावले की ‘दुर्दैव’ म्हणून हात झटकले जात. ती वाट कायद्याने अरुंद केली.

आपल्यापैकी अनेकांनी कॉलेजात असताना एन.सी.सी.च्या मैदानावर पॉइंट टू-टूची रायफल हाताळली असेल. ‘भर’ या हुकमाइतकाच तिथे ‘खाली कर’ हा हुकूमही महत्त्वाचा असतो. त्यानंतर होते तपासणी. मघाशीच रिकामी केलेली रायफल उस्ताद पुन्हा पाहतात. त्या वयात मुलांना तो वेळकाढूपणा वाटतो. परंतु गेटिसबर्गच्या मैदानावरचा तो ढीग आणि स्पीकच्या वाटेतला तो बांध आठवला, की त्या दुसऱ्या तपासणीचा अर्थ कळतो. शेजारच्याने ‘रिकामी आहे’ म्हणून हाती दिलेली बंदूकही आपण स्वतः उघडून पाहायची असते. त्यात त्याच्यावर अविश्वास नसतो. त्याच्याइतकेच आपणही विसरू शकतो, याची ती जाणीव असते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)