मुंबई नॅचरल हिस्ट्री सोसायटीचा प्राणिसंग्रह

पश्चिम भारतातील प्राण्यांच्या शास्त्रीय नमुन्यांचा एक प्रमुख संग्रह. संस्था 15 सप्टेंबर 1883 रोजी आठ निसर्गप्रेमींनी स्थापन केली, त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे दोन भारतीय होते. पहिल्या बैठका भायखळ्याच्या संग्रहालयात झाल्या. पुढे संस्थेचे सदस्य फिप्सन यांच्या फोर्ट भागातील मद्यपेढीतील जागा मिळाली. 1908 मध्ये संस्थेचे सचिव मिलर्ड यांनी येथील पक्षी दाखवल्याने शाळकरी सालिम अली यांना पक्ष्यांची गोडी लागली. 1911 पासूनच्या सस्तन प्राण्यांच्या सर्वेक्षणाने संग्रह खऱ्या अर्थाने देशव्यापी झाला. प्रदर्शनीय नमुन्यांसाठी 1923 मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स म्यूझियममध्ये स्वतंत्र दालन उघडले.

अभ्याससंग्रहातील पक्षी कापूस भरून खणात उताणे ठेवतात. पायाला बांधलेल्या चिठ्ठीवर स्थळ, तारीख, लिंग व संग्राहकाचे नाव असते. चिठ्ठी हरवली, तर नमुन्याचे शास्त्रीय मोल जवळजवळ संपते. अचूक स्थळाचे महत्त्व पुणे जिल्ह्यातील मावळच्या घाटमाथ्यावर विशेष जाणवते: खंडाळ्याच्या नमुन्यावरून प्राणिशास्त्रज्ञ टेलर यांनी 1960 मध्ये देवगांडुळाची (पाय नसलेल्या उभयचराची) ‘इंडोटायफ्लस बॅटर्सबी’ ही जाती वर्णिली. मावळलगत आकुर्डी येथे भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम प्रादेशिक केंद्र असून तेथेही नमुन्यांचा संग्रह आहे.