अन्वयार्थाचा अधिकार : ल्यूथर, मेमिंगन, ट्रेंट

धर्मग्रंथाचा अर्थ कोणी लावावा, या सोळाव्या शतकातील वादाची मांडणी बहुधा एका सोप्या द्वंद्वात केली जाते : प्रोटेस्टंट पक्ष व्यक्तीच्या विवेकाचा, कॅथलिक पक्ष संस्थेच्या प्रामाण्याचा. आधुनिक वाचकाच्या स्वातंत्र्याची वंशावळ सांगताना ही मांडणी सोयीची ठरते. परंतु वादाचा प्रत्यक्ष इतिहास तिला दुजोरा देत नाही.

१५२० साली जर्मन सरदारवर्गाला उद्देशून लिहिलेल्या पुस्तिकेत मार्टिन ल्यूथरने रोमने स्वतःभोवती उभारलेल्या तीन भिंतींचा उल्लेख केला. त्यांपैकी दुसरी भिंत म्हणजे अर्थनिर्णयनावरील पोपचा एकाधिकार. सर्वच ख्रिस्ती जर पुरोहित असतील, तर श्रद्धेच्या बाबतीत योग्यायोग्य पारखण्याचा अधिकार त्यांना का नसावा, असा त्याचा युक्तिवाद होता. १५२२ मध्ये त्याने केलेले नव्या कराराचे जर्मन भाषांतर प्रसिद्ध झाले आणि हा अधिकार बजावण्याचे साधन लॅटिन न जाणणाऱ्यांच्याही हाती आले.

ते कोणी व कसे वापरले, हे तीन वर्षांतच दिसले. मार्च १५२५ मध्ये श्वाबियातील शेतकऱ्यांचे बारा कलमांचे मागणीपत्र मेमिंगन येथे सिद्ध झाले. त्याच्या समासांत बायबलमधील वचनांचे संदर्भ छापलेले होते. ख्रिस्ताने आपल्या रक्ताने सर्वांनाच मुक्त केले असल्यामुळे भूदास्य ग्रंथविरोधी होय, असे तिसरे कलम सांगत होते; तर एखादी मागणी देववचनाशी विसंगत ठरल्यास ती मागे घेऊ, असे बारावे. ग्रंथालाच अंतिम प्रमाण मानणारी याहून निष्ठावंत भूमिका कोणती? तथापि सरदारांच्या जुलमावर ठपका ठेवूनही ल्यूथरने, आध्यात्मिक मुक्तीला ऐहिक अर्थ दिल्याबद्दल, या वाचकांना दोषी ठरविले आणि पुढे बंडाच्या निर्घृण दमनाचा पुरस्कार केला. वाचण्याचा अधिकार मान्य होता. त्यातून निघालेला अन्वयार्थ मान्य नव्हता.

८ एप्रिल १५४६ रोजी ट्रेंटच्या परिषदेने, श्रद्धा व नीती यांच्या संदर्भात कोणीही स्वतःच्या बुद्धीवर विसंबून ख्रिस्तसभेने मानलेल्या अथवा पूर्वाचार्यांना एकमताने संमत असलेल्या अर्थाविरुद्ध ग्रंथाचा अर्थ लावू नये, असे फर्मावले. संहिता स्वतः बोलत नाही, परंपरा तिला बोलती करते, ही त्यामागील जाणीव उथळ नव्हती. मात्र परंपरेचा अर्थ कोणी लावायचा, हा पुढचा प्रश्न परिषदेने संस्थेच्या स्वाधीन करून मिटविला.

प्रोटेस्टंट पक्षाचे पद्धतशीर उत्तर १५६७ मध्ये माथियास फ्लासियसने आपल्या ‘पवित्र ग्रंथाची किल्ली’ या लॅटिन ग्रंथात दिले. दुर्बोधता ग्रंथाची नसून वाचकाच्या अपुऱ्या भाषाज्ञानाची आहे. अंशाचा अर्थ समग्राच्या प्रयोजनावरून लावावा, असे त्याचे प्रतिपादन होते. विल्हेल्म डिल्टायने १९०० साली अर्थनिर्णयनशास्त्राचा उदय सांगताना या ग्रंथाला महत्त्वाचे स्थान दिले, ते उचितच होय. परंतु येथे ‘कोणी’ या प्रश्नाची जागा ‘कसे’ या प्रश्नाने घेतली, आणि हिब्रू व ग्रीक जाणणारा पंडित हाच खरा वाचक ठरला.

मराठीतील ‘अधिकार’ या शब्दात हक्क आणि पात्रता हे दोन्ही अर्थ नांदतात. १५२० मध्ये ल्यूथरने पहिल्या अर्थाने दिलेला अधिकार १५६७ पर्यंत दुसऱ्या अर्थाचा झाला होता. पोपचा एकाधिकार नाकारला गेला; पण मेमिंगनच्या समासातील संदर्भ लिहिणाऱ्यांना त्याचा वारसा मिळाला नाही. अर्थनिर्णयनाच्या पद्धतीला आपण आज तटस्थ मानतो, तेव्हा तिच्या जन्मकथेतील ही वजाबाकी विसरता येत नाही.